ताई, आज तुमचं नाव माईकवर वाचलं

प्रिय ताई,

ग्रामसभेतून आले आणि पायसुद्धा न धुता लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी सांगायचं काही असलं की अजून तुमच्याच दाराकडे पावलं वळतात. केरळच्या सहलीचा निकाल लागला हो! नानांकडून आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या सगळ्यांकडून पैसे वसूल केले. तुम्ही जिंकलात. मग मला एवढा शीण का आला असेल?

तो उन्हाळा आठवतो ना? आपण दोघी जावा वस्तीवर टँकरची वाट बघत हंडे लावून उभ्या होतो, आणि नानांच्या सुनेच्या स्टेटसला हाऊसबोट! सरपंच नाना, सगळे सदस्य, त्यांच्या बायका, नातवंडं. ग्रामपंचायतीच्या खर्चात मात्र लिहिलं होतं, 'पाणीपुरवठा अभ्यास दौरा'. तुम्ही फोटो बघून म्हणालात, "सुमन, अभ्यास बघ कसा चाललाय, पाण्यातच बसून!" किती हसलो होतो.

पुढच्या ग्रामसभेत तुम्ही उठलात तेव्हा मात्र मी तुमचा पदर ओढला. बायका सगळ्या भिंतीला टेकून, आणि तुम्ही एकट्या उभ्या.

"नाना, केरळात पाण्याचं काय शिकून आलात ते जरा सांगा की."

"वैनी, तुमाला त्यातलं काय कळतंय? बसा खाली."

"कळत न्हाई म्हणूनच इचारते. आमच्या वस्तीवर पाणी कधी येणार, ते तिथं कुणी सांगितलं का?"

लोक हसले. तेच नानांना लागलं. नुसतं भांडला असतात तर त्यांनी कदाचित सोडून दिलं असतं.

मग तुम्ही पुण्याला आयुक्तांकडे तक्रार केलीत, आणि आपल्याला हळदीकुंकवाची बोलावणी यायची बंद झाली. वाटेत भेटलेल्या बायका मान फिरवून जायच्या. भाऊजी जेवता जेवता ताट सरकवून म्हणाले, "गावाशी वैर घेऊन काय मिळवायचंय तुला?" तुम्ही त्यांना आणखी एक भाकरी वाढलीत. रडलात ते मागच्या दारी, माझ्यापाशी. मला वाटायचं, ह्या बाईला कशाचं काही वाटतच नाही. किती वाटत होतं तुम्हाला!

एका गोष्टीचा मात्र अजून राग येतो, ताई. तुमची मूत्रपिंडं थकली होती, आज नारायणगावला डायलिसिस, आणि उद्या पहाटेच्या एसटीने पुण्याला सुनावणी! नाना कधी यायचेच नाहीत. त्यांचा वकील यायचा, पुढची तारीख घेऊन जायचा. मधेच साहेब बदलले, की पुन्हा पहिल्यापासून सांगा. तुम्ही त्या कार्यालयाच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलेल्या असायचात, चेहरा सुजलेला. मी म्हणाले होते, "ताई, पुरे आता." तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "मी थांबले तर ते पुन्हा जातील गं." थोडं स्वतःला जपलं असतंत तर आज सभेत माझ्याशेजारी बसला असतात ना?

आज काय झालं ते ऐका. पैसे भरल्याबद्दल नानांनी चौकात स्वतःचा फ्लेक्स लावलाय, 'गावासाठी सदैव पदरमोड'! आणि सरपंच कोण आहे आता? तीच हाऊसबोटीतली सून. सभा सुरू झाली. ग्रामसेवकांनी आदेश असा पुटपुटत वाचला की पुढच्या रांगेलाही काही कळलं नाही. नानांसाठी टाळ्या वाजल्या. गावाचे पैसे परत करावे लागलेल्या माणसाला टाळ्या!

मी कशी उठले, मला माहीत नाही. पुढची खुर्ची धरून उभी राहिले. ग्रामसेवकांना म्हणाले, "भाऊसाहेब, माईकवर वाचा. अर्ज कुणी केला होता, तेबी वाचा."

नाना गोड हसले. "झालं ना आता, सुमनबाई? भरले पैसे, मिटलं. गेलेल्या माणसाला कशाला मधे आणायचं?"

मी उभीच राहिले. तेवढ्यात मागून आपली शेजारीण रेश्मा भाभी म्हणाली, "वाचू द्या की, नाना. नावाला काय भ्यायचं?" मग आणखी दोघी बोलल्या. "वाचा, वाचा." ग्रामसेवकांनी सुनेकडे बघितलं. तिने मान खाली घातली. आणि ताई, माईकवर तुमचं नाव वाचलं गेलं. तुमचं, भाऊजींचं, आडनावासकट. भाऊजी दाराशी उभे होते. टोपी काढून हातात धरली त्यांनी, आणि तसेच घरी निघून गेले. त्यांच्या मागे जायचा मला धीर झाला नाही.

मला वाटलं होतं, या दिवशी आनंदाने रडायला येईल. काहीच आलं नाही. वस्तीवर अजून टँकरच येतो. नाना उद्याही कुणाच्या तरी लग्नात पहिल्या खुर्चीवर बसतील. एवढ्यासाठी एका बाईचं शेवटचं आयुष्य खर्ची पडावं का हो?

पण पुढच्या सभेत शाळेच्या दुरुस्तीचा खर्च येणार आहे. मी आणि भाभी जाणार आहोत. तुमच्यासारखं बोलणं मला जमायचं नाही. तरी तुम्हाला शब्द देते, विचारल्याशिवाय घरी यायची नाही. उभं राहवलं नाही, तर बसून विचारीन.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन