लिंबाचं दूध आणि आत्याची सुई

अण्णा, खांडबाऱ्याकडे एका कडुलिंबातून गोड पांढरं पाणी झिरपतंय, असा व्हिडिओ परवा वर्गातल्या मुलींनी दाखवला आणि विचारलं, "मॅडम, हाई खरं शे का?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी उत्तरासाठी मी तुमच्याकडेच वळले.

आपल्या गावचा लिंब पाझरायला लागला तेव्हा मी अकरावी सायन्सला होते आणि तुम्ही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. बुंध्याशी नारळांचा ढीग, बाटल्या घेऊन बायांची रांग. त्यातच आत्यानं इन्सुलिनची सुई बंद केली. "कडू लिंब गोड व्हई गया, मंग मन्ही साखर बी जाई," म्हणायची. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती. दुसऱ्या कुणी तिच्यावर तोंड सोडलं असतं. तुम्ही निळं औषध, काचनळ्या आणि स्पिरिटचा दिवा घेऊन थेट लिंबाखाली गेलात. चपला काढल्यात, आधी ओंजळीत तीर्थ घेतलंत, मग नळीत. तेव्हा मला तुमची लाज वाटली होती. आज वाटतं, इतक्या अदबीनं तपासणी करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

नळी तापते, निळं पाणी विटेसारखं लाल होतं, आणि मागून कुणीतरी म्हणतं, "देवीनं कुंकू दिधं." झालं! बाया नळीलाच हात जोडू लागल्या. करायला गेलात गणपती आणि झाला मारुती. तुम्ही चिडला नाहीत. शेजारच्या घरून गुळाचं पाणी मागवलंत, दुसऱ्या नळीत तापवलंत, तेही तसंच लाल. "देवी शे का नही, हाई मन्ही नळी सांगत नही. साखर शे, एवढंच ती सांगस." काहीजण पुटपुटत निघून गेले, बाकीच्यांनी बाटल्या भरल्याच. तुम्ही कुणाला अडवलं नाहीत.

घरी आल्यावर मात्र तुम्ही आत्याला म्हणालात, "बाई, आते तुन्ही लघवी दे." ती लाजली, रागावली, शेवटी दिली. ती नळी गुळापेक्षाही लाल झाली. आत्या नळीकडे बघून म्हणाली, "भाऊ, सुई काढ." तिचा पाय वाचला. तुमच्यामागंही ती खूप जगली.

मुलींना हे सगळं मी छाती फुगवून सांगितलं. एक गोष्ट गाळली, आणि ती या वहीबाहेर जाणारही नाही. त्या दिवशी तुम्ही आत्याला विचारलं होतंत, "सुई बंद कराले तुले कोनी सांगं?" ती म्हणाली, "कोनी नही." अण्णा, मी सांगितलं होतं. लिंबानं साखर उतरते, पुस्तकात आहे, असं म्हणाले होते. रांगेतल्या बाया तिला कधीच्या सांगत होत्या, तेव्हा तिनं ऐकलं नव्हतं. सायन्स शिकणाऱ्या भाचीचं ऐकलं.