कवळी उन्हात घालू नका

नागपूर, १२ फेब्रुवारी १९५९

तीर्थरूप बाबांना काशीरामचा नमस्कार. तब्येत ठीक आहे, फक्त डोकं फिरलंय.

तुमच्या पत्रात "दात झकास बसले" असं होतं. आपल्या धाकट्या वेणूच्या पत्रात वेगळंच आहे. नवी कवळी तुम्ही रोज धुऊन बोंबलांच्या शेजारी कडक उन्हात वाळत घातलीत. आता ती वाकडी झाली, हिरड्यांना लागते, म्हणून फडक्यात बांधून फळीवर ठेवलीत आणि पेजेवर दिवस काढताय.

दात काढल्यावर हिरड्या भरून येईपर्यंत तीन महिने कळ काढलीत, आणि कवळी मिळाल्यावर पंधरा दिवसांत ही गत. पनवेलच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, रात्री कवळी पाण्यात ठेवा. तुम्ही मानही डोलावलीत. वेणूने आठवण करून दिली तर तिला म्हणालात, "वली वस्तू कुजते. जलमभर मीठ पिकवलाय, मना नको शिकवू."

तिच्यावर ओरडू नका. मी खोदून विचारलं म्हणून तिने लिहिलं. वजन किती उतरलंय तेही तिलाच विचारणार आहे, तुम्ही खरं सांगणार नाही.

शिमग्याला आलो की आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. तोवर आईला भात मऊ शिजवायला सांगा, नुसती पेज पिऊ नका.

आणि कवळी आजच पाण्यात ठेवा. बाबा, ती मीठ नाही. विरघळणार नाही.

तुमचा,
काशीराम