आष्टीत पंधरा दिवस उत्तम पाहुणा

१ एप्रिल १९५७, सोमवार. मुक्काम आष्टी.

जाफराबादहून जालन्यापर्यंत मोटार, तिथून परतूरपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. जिल्हा बदलला, म्हणजे परमुलूखच. श्रमदानाचा पंधरवडा आहे. ओढ्यापासून गावापर्यंत रस्ता करायचा. शाळेत परीक्षा चालू, म्हणून बद्रीनाथ मास्तरांनी सगळे व्हॉलंटियर घराघरांत वाटून दिले. मास्तर आमचे लीडर. मला हुकमचंद शेठचं घर मिळालं. जैन मारवाडी, धान्याचं दुकान. घरात तिघंच. शेठ, त्यांची बायको राजकुमारीबाई, आणि आई भगवतीदेवी, ज्यांना सगळं गाव मांजी म्हणतं.

बासष्टाव्या वर्षी मी माती का वाहतोय ते लिहून ठेवतो. बायको, झुंबरबाई, शिमग्यात भोकरदनला भावाकडे निघून गेली. कारण काहीच नाही. म्हणाली, तुमच्यापाशी कोणी चार दिस राहू शकत न्हाई, मीच येडी राह्यले. कोण्या परक्या घरात पंधरा दिस काढून दाखवा, हाकलून न दिल्याची चिठ्ठी आणा, मंग येते.

आल्या आल्या ही अट शेठना सांगून टाकली. ते म्हणाले, भुजंगबाबा, चिठ्ठी जरूर देऊ. मांजी माझ्याकडे बघत राहिल्या.

ठरवलं आहे: काही मागायचं नाही, ताटात काही टाकायचं नाही, आणि घर करेल ते करायचं.

जेवण दिवस मावळायच्या आत उरकलं. रॉकेल वाचवत असतील. लक्षात ठेवलं, पण बोललो नाही.

२ एप्रिल.

पाहुण्याने घराला उपयोगी पडावं. राजकुमारीबाईंना केरसुणी कशी धरायची ते दाखवलं. कवाडाची कडी लावली का, असं झोपण्याआधी पाच वेळाच विचारलं. घरी नऊ वेळा विचारतो. फरक पडला.

शेठना विचारलं, मी काही चुकत असेन तर सांगा. म्हणाले, न्हाई न्हाई. तासाभराने परत विचारलं. म्हणाले, बिलकुल न्हाई. जेवताना विचारलं तेव्हा मान हलवली. समाधान आहे.

३ एप्रिल.

यांच्यात आग्रह फार. ताट रिकामं झालं की फुलका येतोच. मी नको म्हणतो, राजकुमारीबाई शपथ घालतात, म्हारी सौगन, बाबा, एक घ्याच. ताटात टाकायचं नाही हा माझा ठराव, म्हणून मी संपवतो. संपलं की परत येतो. आज चौदा झाले. शेवटी त्यांनी परात उलटी करून दाखवली. कोण आधी थांबतं याची मजा चालली होती. मी जिंकलो.

५ एप्रिल.

काल सोळा फुलके, आज अठरा, तुपासकट. चालताना त्रास होतो. रस्त्याच्या कामावर मास्तरांनी मला टोपली सोडून मोजपट्टी धरायला दिली. अनुभवाचा मान आहे.

६ एप्रिल. सकाळी.

पहाटे घरातले सगळे मांजींपुढे हात जोडून उभे राहिले. मांजी काहीतरी पुटपुटल्या. मीही हात जोडले. घर करेल ते करायचं. मांजींनी विचारलं, आपण पण? जमेल? मी म्हणालो, जे तुमचं तेच माझं. मांजींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लवकर जीव लावला.

त्याच दिवशी, दुपारी.

ताटात नुसते उकडलेले मूग. तूप नाही, तेल नाही, मीठसुद्धा नाही. चौघांनाही तेच. संध्याकाळी चूल पेटली नाही. प्यायला उकळून गार केलेलं पाणी.

घराचं दिवाळं निघालं. अठरा फुलके.

७ एप्रिल.

आजही अळणी मूग, दिवसातून एकदाच. मी एक शब्द काढला नाही. राजकुमारीबाईंनी हळूच विचारलं, बाबा, जड जातंय का? मी म्हणालो, बिलकुल न्हाई, अशी वेळ कोणावरही येते. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं नव्हतं की मी ओळखीन.

माझी काळजी नाही. कामावर दहा वाजता गावच्या बाया भाकरी, ठेचा आणि कांदा देतात. आज चार भाकरी खाल्ल्या. दुपारी मांजी म्हणाल्या, भुजंगबाबा, आपल्या चेहऱ्यावर तेज येऊन राह्यलंय.

८ एप्रिल.

मांजी शेजारणीला सांगत होत्या, साडेचार वर्षं धीर धरला, आता सहाच दिवस राहिले, पुनव झाली की सुटले.

म्हणजे हे माझ्या फुलक्यांच्याही आधीपासूनचं आहे. जीव थोडा हलका झाला. पण पौर्णिमेला दुकान उठणार, हे नक्की. दुपारी पाच बाया आल्या, मांजींच्या पाया पडल्या, डोळे पुसत गेल्या. सांत्वनाला आल्या असणार. मीही त्यांच्या पंक्तीत बसून थोडा रडलो.

१० एप्रिल.

शेठ अजून दुकान उघडतात. लोक पोती नेतात. वरवरचा देखावा. माणसाने अब्रू कशी राखावी ते यांच्याकडून शिकावं. मांजी सत्तर वर्षांच्या, त्या मूग पाण्याबरोबर गिळतात आणि हसतात.

झुंबरबाई भाजीत मीठ कमी पडलं की माझा आवाज घराबाहेर जातो म्हणते. तिने मला इथे बघावं.

१२ एप्रिल.

जालन्याहून नातलग येणार, अंगणात मांडव घालणार, असं कळलं. वाटण्या होणार, दुसरं काय. राजकुमारीबाईंना म्हणालो, धीर सोडू नका. म्हणाल्या, बाबा, आता दोनच दिवस, तुम्ही पण सोडू नका. एवढ्या संकटात माझी काळजी करतात.

काही न मागता पंधरा दिवस काढणारे पुष्कळ असतील. उत्तम पाहुण्याने काही देऊन जावं. पण शेठसारख्याच्या हातात उघड काही ठेवलं तर अपमान होईल. गुपचूप द्यावं लागेल.

१४ एप्रिल, रविवार, पौर्णिमा. सकाळी साडेनऊ.

कामावरच्या बायांकडून मूठभर मीठ आणलं, कागदाच्या पुडीत. घरातले सगळे मांजींबरोबर दर्शनाला गेलेत. गुडघा दुखतो म्हणून मी मागे राहिलो. चुलीवर मूग शिजत आहेत. सगळी पुडी घातली, ढवळलं, झाकण ठेवलं. शेवटच्या दिवशी तरी ही माणसं चवीने जेवतील.

दुपारी.

मांजींनी पहिला घास तोंडात घेतला आणि थांबल्या. घास बाहेर काढला. चूळ भरली. हात जोडून डोळे मिटले. शेठचा हात ताटावरच राहिला. राजकुमारीबाई रडायला लागल्या. मला वाटलं, आनंदाने. म्हणालो, मीच घातलं, संकोच करू नका, आपण घरचेच.

शेठ उठून बाहेर गेले आणि बद्रीनाथ मास्तरांना घेऊन आले. मास्तरांनी मला ओसरीवर नेऊन सांगितलं. हे यांचं व्रत. वर्षातून दोनदा, नऊ नऊ दिवस, एकदाच जेवायचं, तेही उकडलेलं आणि अळणी. अशा नऊ खेपा करायला साडेचार वर्षं लागतात. आज मांजींचा एक्याऐंशीवा म्हणजे शेवटचा दिवस. मांडव त्याच्या सोहळ्याचा. सहा तारखेला हात जोडून मीसुद्धा हेच व्रत घेतलं आहे. दुकान उत्तम चाललं आहे.

मी विचारलं, मंग लवकर जेवण, ते रॉकेल वाचवायला न्हाई? मास्तर म्हणाले, काय रॉकेल?

आत जाऊन मांजींचे पाय धरले. म्हणाल्या, अजाणता झालं, घास गिळला न्हाई, व्रत मोडलं न्हाई. आज निराहार राहीन, उलट पुण्य जास्त. मग विचारलं, पण तुम्ही नऊ दिवस कसे काढले? खोटं बोलवेना. भाकरी, ठेचा, कांदा, सगळं सांगितलं. भाकरीचा आकडासुद्धा.

मांजी हसल्या. पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ हसल्या. मग शेठ हसले. राजकुमारीबाई रडता रडता हसल्या. घर पूर्वपदावर आणलं, एवढं तरी माझ्या हातून झालं.

१५ एप्रिल.

सोहळा थाटात झाला. मला मांजींच्या शेजारी बसवलं. पंधरा दिवस पूर्ण, कोणी हाकललं नाही. मी निघतो म्हणायच्या आतच दारात गाडी जुंपलेली होती. मोठ्या घरात सगळं टाइमावर.

चिठ्ठी मांजींनी स्वतः सांगून मास्तरांकडून लिहवून घेतली. पाकीट बंद, वर झुंबरबाईचं नाव. उघडायचं नाही असं शेठ तीनदा म्हणाले.

१६ एप्रिल. जालना स्टेशन.

पाकीट उन्हात धरून बघितलं. ‘तप फार मोठं’ एवढं नीट वाचता आलं. याहून जास्त काय हवं. रात्री झोप येणार नाही असं वाटतं.

१८ एप्रिल. भोकरदन.

झुंबरबाईला वाचता येत नाही. मी वाचतो म्हणालो, पण तिने पाकीट भावाच्या हातात दिलं. पुंजारामने सगळ्या घरासमोर मोठ्याने वाचलं. जसंच्या तसं उतरवतो.

‘झुंबरबाईंना भगवतीदेवीचा नमस्कार. पाहुणे पंधरा दिवस राहिले, आम्ही हाकललं नाही. मनाने निर्मळ आहेत. मी साडेचार वर्षं व्रत केलं तर लोक पाया पडायला आले. आपण बेचाळीस वर्षं यांच्यासोबत काढलीत आणि कोणी मांडवसुद्धा घातला नाही. आपलं तप फार मोठं आहे. विसाव्याला आमच्याकडे या. पाहुण्यांची खोली आता रिकामी आहे.’

पुंजाराम खोकल्यासारखा आवाज काढत मागच्या दाराने गेला. झुंबरबाई हसली नाही. पत्र परत एकदा वाचायला लावलं. मग डोळे पुसले आणि ट्रंक भरायला लागली. मी म्हणालो, शब्दाला जागलीस, चल, जाफराबादची मोटार तीन वाजता आहे. म्हणाली, येईन की, शब्द दिलाय. आधी आष्टीला जाऊन येते. आवं, एवढ्या मोठ्या बाईनं बोलावलंय, न्हाई कसं म्हनू. किती दिवस, विचारलं. म्हणाली, पंधरा तर लागतीलच.

मी म्हणालो, तिथे ताटात टाकू नकोस, आणि कडी लावली का ते विचारत जा. तिने ट्रंकेला कुलूप लावलं.

१९ एप्रिल. जाफराबाद. दुपारी साडेबारा.

घरी पोचलो. कवाड, बैल, कणगी, सगळं बघितलं. दुसरं काही येत नाही म्हणून मूग उकडले. चांगले मऊ झालेत.

मिठाचं मडकं कुठे असतं, ते बेचाळीस वर्षांत विचारायचं राहून गेलं.