चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड

१९ नोव्हेंबर

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी आजवर पत्रांत सवयीने लिहीत आलो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा खरोखर अख्खं अंग जमिनीला टेकलं, तेही तुमच्या पिकअपखाली आणि उताणं, त्यामुळे आता अनुभवाने लिहितो आहे.) इतकी वर्षं पत्र नाही याबद्दल क्षमा करा. कारणं लिहायला घेतली होती. तीन लिहिली, तिन्ही खोडली, तेव्हा नुसती क्षमाच ठेवतो. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला? इकडे आई बरी आहे, म्हणजे बरी असल्यासारखी वागते. मी त्याच छापखान्यात अजून मुद्रितं तपासतो. बाबा आहेत.

हे शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. त्यात चूक सापडत नाही, म्हणून तसंच ठेवतो आणि पुढचं सांगतो. ऑगस्टमध्ये बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही. शब्द एकेक करून परत येतील, कोणता कधी आला ते लिहून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. हे काम माझ्या स्वभावाला धरूनच होतं. सतरा दिवस वही कोरी राहिली. अठराव्या दिवशी मी त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावताना थोडं पाणी गळ्यावर सांडलं आणि पहिला शब्द आला : गाढवा. आई आनंदाने रडली. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनाही एक गाढवा मिळाला, आणि उच्चार फारच स्वच्छ आहे असा अभिप्राय देऊन ते गेले. तेव्हापासून तेवढा एकच शब्द घरातल्या सगळ्या कामांना पुरतो. (आईला त्यांनी तो अजून म्हटलेला नाही. ती वाट पाहते आहे असं मला कधीकधी वाटतं.) जाताना डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "दुसरा झटका येईलच असं नाही. पण आला, तर मला बोलवायची घाई करू नका. त्यांच्या मनात काही राहिलं असेल तर आत्ताच करून घ्या."

आता ज्या माणसाजवळ एकच शब्द आहे, त्याच्या मनात काय राहिलंय हे कसं कळावं? मी यादी केली. नातेवाइकांची नावं वाचली, गावांची वाचली, खायच्या पदार्थांची वाचली. प्रत्येक नावाला तोच शब्द. शेवटी एका दुपारी खुर्ची ढकलत त्यांना आपल्या काचेच्या कारखान्यात नेलं. काचा कापायच्या टेबलावरची पाणसळ त्यांनी डाव्या हाताने उचलली आणि खुर्ची पिकअपपाशी न्यायची खूण केली. हौद्याच्या कडेवर त्यांनी ती आडवी ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन बसला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग बोटाने तो बुडबुडा मधोमध ढकलायचा प्रयत्न करू लागले, काचेवरून. ते मला बघवलं नाही.

तुम्हाला वेगळं सांगायला नको. काचा चढवायला सोपं जावं म्हणून गाडी बुटकी करायची ठरली, तुम्ही पुढची बाजू खाली घेतलीत, मागची व्हायची होती, आणि तेवढ्यात बाबांनी घाई करून त्या उतरत्या हौद्यात सभागृहाचा मोठा आरसा चढवला. पहिल्याच ब्रेकला आरसा घसरून केबिनवर फुटला. तुमचं दोघांचं भर रस्त्यात काय बोलणं झालं ते मी काचा वेचता वेचता ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. अठरा वर्षं ती गाडी शिंगं रोखलेल्या बैलासारखी नाक खाली घालून चालली. पुढची बाजू पुन्हा वर घेणं एका दिवसाचं काम होतं. बाबांनी घेतली नाही. काचांखाली लाकडी पाचर ठोकली आणि धंदा केला. कोणी विचारलंच तर सांगायचे, "अर्धं काम बाकी आहे."

तेव्हा मी ठरवलं की मागची बाजू आपण खाली घ्यायची आणि बाबांना सपाट गाडीतून एक चक्कर मारून आणायची. मदतीला वेल्डर घेतला. त्याला सगळे चष्मा म्हणतात, कारण तो कधीच लावत नाही. मी आधी जुनं मॅन्युअल मिळवून आठ दिवस अभ्यासलं. (चष्मा म्हणाला, "साहेब, परीक्षा आहे का?") काम तसं सरळ दिसलं. मूळ रचनेत ॲक्सल खाली आणि कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या वाकलेल्या पट्ट्या, त्याच्यावर बसलेले. तोच ॲक्सल पाट्यांच्या वर घेतला की मागचं धूड चांगलं सहा बोटं खाली येतं. फक्त पाटे ज्या बैठकींवर टेकतात त्या ॲक्सलच्या वरच्या अंगाला जोडलेल्या होत्या, आणि आता त्या खालच्या अंगाला हव्यात. मी दोन रात्री जागून विचार केला आणि मला उत्तर सुचलं. ॲक्सलच उलटा करायचा! वरच्या बैठकी आपोआप खाली. कापाकापी नको, वेल्डिंग नको. इतक्या वर्षांत तुम्हाला हे कसं सुचलं नाही, असंही मनात येऊन गेलं. हा अहंकार डायरीत त्याच दिवशी नोंदवलेला आहे.

इशारे मिळत नव्हते असं नाही. उलटा केल्यावर ब्रेकची नळी भलत्या बाजूला आली. आम्ही नवी लांब नळी घातली. हवा जायचं भोक खाली आल्यामुळे तिथून तेल ठिबकू लागलं. आम्ही खाली डबा ठेवला. चष्मा एकदा म्हणाला, "हे बरोबर आहे ना?" मी त्याला मॅन्युअलचं पान दाखवलं. त्याला वाचता येत नाही आणि मला येतं, एवढ्या एका कारणावर तो गप्प बसला.

काम झालं त्या रविवारी सकाळी बाबांना दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून कारखान्याच्या दाराशी आणलं. आईने आधी खुर्ची गाडीच्या मागे ठेवली होती, मग तोंडावर ऊन येतं म्हणून पुढे नेली. मी गाडीत बसलो, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली. मला वाटलं चुकून रिव्हर्स पडला, म्हणून मी घाईघाईने गिअर बदलला आणि गाडी जास्त वेगाने मागे गेली. (विचारी माणूस संकटात विचार करायला थांबतो असा समज आहे. मी तिसरा टाकणार होतो.) मग धुरकट काचांची मांडणी आली. अकरा तावदानं होती. ती एकामागून एक पडली; पडताना मध्ये एवढा वेळ कसा गेला ते कळत नाही.

शांत झाल्यावर चष्मा खिडकीशी आला. म्हणाला, "साहेब, रिव्हर्स टाकून बघा." टाकला. गाडी नीट पुढे आली. ॲक्सल उलटा केला की चाकंही उलटी फिरणार, हे त्याला काचा पडताना समजलं. मला तो सांगेपर्यंत समजलं नाही. चार रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड अशी गाडी आम्ही बनवली होती. "असू दे अशीच," चष्मा म्हणाला, "म्हाताऱ्यांना पुढे जायची कुठे घाई आहे?" मला राग आला, पण आई हसली, आणि मग बाबांकडे पाहिलं तर त्यांचा डावा अर्धा चेहरा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झटक्यानंतर हसू आणि रडू एकमेकांत मिसळतं, असं डॉक्टर म्हणाले होते. वहीत मी "हसले (?)" असं लिहिलं आहे.

घरी येऊन मी मॅन्युअल पुन्हा उघडलं. पुढच्याच पानावर तळटीप होती : ॲक्सलचं आवरण कोणत्याही परिस्थितीत उलटं करू नये, बैठकी कापून खालच्या अंगाला नव्याने जोडाव्यात. त्या तळटीपेत एक स्वल्पविराम राहिला होता. तो मी पेन्सिलने घातलेला होता. म्हणजे मी ते वाक्य वाचलं होतं, तपासलं होतं, दुरुस्तही केलं होतं. काय म्हणतंय तेवढं सोडून सगळं पाहिलं होतं. वीस वर्षं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

मग सगळं उतरवून ॲक्सल सुलटा केला, चष्म्याने नव्या बैठकी जोडल्या, गाडी पुढे पुढे आणि मागे मागे जाऊ लागली. हौद्यावर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आला. तरी चक्कर मारता आली नाही. आता ॲक्सल आणि वरची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, यांत जेमतेम दीड बोट जागा उरली आहे. पहिल्या खड्ड्याला ॲक्सल चासीवर आदळेल आणि बाबांना असा हादरा चालणार नाही. उपाय एकच : ॲक्सलच्या वर चासीतून अर्धचंद्र कापायचा आणि आतून जाड पट्टीने तो भाग पुन्हा बळकट करायचा. परवा चष्मा कटर लावणार तोच बाबांनी डावा हात उचलला. आम्ही थांबलो. त्यांचं तोंड बराच वेळ हलत होतं. आणि दुसरा शब्द आला : धाकटा. तीनदा म्हणाले. चष्मा बिचारा अवजारांच्या पेटीत शोधू लागला, "हे कोणतं हत्यार, साहेब? माझ्याकडे नसेल." आई उठून आत गेली.

गाडी घोडीवर उभी आहे. चाकं काढून भिंतीला लावली आहेत. बाबा रोज दुपारी तिच्याशेजारी बसतात आणि कटरला कोणाला हात लावू देत नाहीत. कालपासून त्यांना गिळायला त्रास होतो आहे.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता.क. आतापर्यंत आडून आडून लिहिलं ते सरळ लिहितो : या. येताना काही आणू नका, हत्यारं सगळी आहेत. कुठे कापायचं ते बाबांनी डाव्या हाताने खडूने आखून ठेवलं आहे. रेघ वाकडी आहे. मी सरळ केलेली नाही.

ता.क. २. बाबांनी तुम्हाला बोलावलं असं मी सूचित केलं आहे, पण काटेकोर सांगायचं तर ते फक्त "धाकटा" म्हणाले. या अवस्थेत एकाच्या जागी दुसरा शब्द येऊ शकतो, हे मी आईला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "तेवढा एक शब्द तपासू नकोस." आणि मला गाढव म्हणाली.

ता.क. ३. चार वर्षांपूर्वी "दादाला भेटायला येऊ का" असं तुम्ही पत्रात विचारलं होतंत. "बाबांची इच्छा नाही" हे उत्तर मी पाठवलं. बाबांना विचारलं नव्हतं. ते शेजारच्या खोलीत होते, ठणठणीत होते. त्यांना त्रास नको म्हणून, असं मी तेव्हा डायरीत लिहिलं. ते खोटं आहे. तुम्ही आला असतात तर दोन दिवसांत गाडी झाली असती आणि मी पूर्वीसारखाच तुम्हा दोघांच्या मागे टॉर्च धरून उभा राहिलो असतो, हे खरं आहे. त्यानंतर बाबांनी दोनदा विचारलं, "धाकट्याचं काही पत्र?" दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. तुमचं पत्र माझ्याजवळ आहे.

उद्या : ते बाबांना वाचून दाखवणे.