सु. जिथे थांबली

११ जानेवारी, रविवार
धुकं. लक्ष्मीबाई नगरातला समोरचा ब्लॉक गायब, फक्त कोणाची तरी रजई हवेत तरंगतेय. बाल्कनीत सु.सोबत बसले.

सु. म्हणजे माझी वाचक. एम. ए.ला पुस्तकांचा इतिहास घेतला तेव्हा वाटलं होतं, ढीगभर पुस्तकं वाचायला मिळतील. मिळालं एकच. रविवारच्या पुस्तकबाजारात, ढिगाच्या तळाशी. जुनी मराठी कादंबरी. पहिलं पान नाही, म्हणून नाव नाही, लेखक नाही. पण दर चार-पाच पानांनी पेन्सिलीची आडवी रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात "सु." तिथवर वाचून ती थांबायची. ८८व्या पानानंतर खूण नाही. पुढची पानं तर छापखान्यातून आली तशीच, घडीत जोडलेली. कोणी कापलीच नाहीत. म्हणजे तिने तिथेच सोडलं. का? अख्खा प्रबंध त्या "का"वर उभा आहे. ५ फेब्रु.ला द्यायचाय.

१४ जाने.
सगळ्या रेघा वाक्याच्या मध्येच. "गोदा दाराशी आली आणि" – रेघ. सु. मी लिहिलंय: दूध उतू गेलं असेल, पोर रडलं असेल, सासूने हाक मारली असेल. बायकांचं तुकड्या-तुकड्यांतलं वाचन वगैरे. माझ्या गाइड मॅडमनी समासात "लव्हली!" लिहिलं. इरफानने, वर्गातल्या, ते पान हातात घेऊन उन्हात धरलं. "यार, मुझे तो मैडम से आज तक 'सी मी' ही मिला है."
दिवसभर हवेत होते.

१६ जाने.
आई ऑफिसातून आली, पर्स ठेवायच्या आधी म्हणाली, "तुझी सु. आज कुठवर?"
रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवते. सु.ने जेवढं वाचलं तेवढंच, रेघ आली की बंद. आईला अर्धवट काही चालत नाही. दिवसभर फायली निकाली काढते ना. "अगं, वाक्य तरी पुरं कर!" नाही म्हणजे नाही.
आज मात्र भांडली नाही. तिची आई, वर्ध्याकडची, अंगठा लावायची. आईचं पाठ्यपुस्तक उलटं धरून चित्रं बघायची म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. "बरं वाटतं गं," आई म्हणाली, "त्या काळात कोणी बाई चुलीपुढे वाचत बसली होती म्हणून." मग उठून चहा टाकला.

१९ जाने.
८८ पानावर पोचलो. अगदी तळाशी, "तिने मागे वळून पाहिलं तर" – रेघ. सु.
"तर काय?"
"माहीत नाही. पुढची पानं जोडलेली आहेत."
"मग काप ना."
"आई, न कापलेली पानं म्हणजे पुरावा."
"चार महिने झाले आणि शेवट ठाऊक नाही तुला? कसलं मेलं शिक्षण हे!"
खरंय. गोष्टीचा शेवट न वाचण्याचा अभिमान बाळगणारे लोक फक्त आमच्याच वर्गात असतील.

२४ जाने., शनि.
गाझियाबाद. इरफानच्या नानांची प्रेस. आता कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, पण मागच्या खोलीत छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या अजून आहेत, एकेका अक्षराचा एकेक कप्पा. ऊन तिरपं आत येत होतं आणि धूळ हळूहळू फिरत होती. तिथून निघावंसं वाटेना.
नाना अंगणात उन्हाला बसलेले. मोठ्या ऐटीत सु. दाखवली. चष्मा पुसला, चार पानं उलटली, हसले.
"बेटी, ये पढ़ने वाली के निशान नहीं हैं. ये तो हम छापनेवालों के हैं."
पुस्तक पुन्हा छापायचं तर जुनी प्रत समोर ठेवून खिळे जुळवायचे. खिळ्यांचं तबक भरलं की जिथवर आलो तिथे रेघ, बाजूला जुळवणाऱ्याचं नाव. वाक्य संपो न संपो. पहिलं पान? "टाइटल अलग बनता है, फाड़ लिया होगा." आणि ८८ नंतर?
"काम रुक गया होगा."
दूध नाही, पोर नाही, सासू नाही. लाज वाटली, आणि रडूही आलं, अशा बाईसाठी जी नव्हतीच. ऑटोत इरफान शेंगा सोलून देत राहिला. शहाणा आहे.

२६ जाने.
सुट्टी. डोक्यावरून परेडची विमानं गेली, आई गच्चीवर धावली. तिला नानांचं सांगितलं नाही. संध्याकाळी म्हणाली, "पहिल्यापासून वाच परत." वाचलं. प्रत्येक रेघेला तशीच थांबले.

२९ जाने.
मॅडमनाही सांगितलेलं नाही. तसंच देऊन टाकलं तर? कोणाला कळणार आहे? नाना काही व्हायव्हाला येणार नाहीत. इरफान म्हणतो, "सु. गई कहाँ है? बस चूल्हे से उठके काम पे लग गई." म्हणायला सोपं. प्रबंध नव्याने लिहायचा, सात दिवसांत!

दुपारी बाल्कनीत डुलकी लागली. स्वप्नात फक्त हात. कप्प्यांतून अक्षरं उचलणारे, न बघता. बाईचे की पुरुषाचे, कळेना. सुभान? सुधाकर? सुंदराबाई? मी विचारलं, तिने मागे वळून पाहिलं तर काय? हात थांबले. तबक भरलं होतं.

१ फेब्रु., रवि.
सकाळी आईला सांगितलं. मेथी निवडत होती. निवडतच राहिली.
"म्हणजे बाई नव्हतीच?"
"कोण होतं माहीत नाही. पण वाचायला नव्हतं बसलं कोणी."
जुडी बाजूला सारून म्हणाली, "तुला हवी होती ती. मलाही." मग हात पुसून भाजीची सुरी घेऊन आली. "आण ते. आता कसला पुरावा जपतेस?"
काम तिथेच थांबलं याचा, मी म्हटलं. आता तर जास्तच. मॅडम जीव घेतील.
"एकच घडी. बाकीच्या ठेव तुझ्या इतिहासाला."
चारी बाजूंनी फोटो काढले. डोळे मिटून म्हटलं, काप. कागदाचा चुरा मेथीवर पडला.
मी वाचायला घेणार तोच आईने पुस्तक ओढलं. "थांब, मी वाचते." मोठ्याने, फायलीवरचं नोटिंग वाचावं तशी, सावकाश. गोदाने मागे वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं, नुसता घाट आणि धुकं. ऐकत बसले. ९१ पानावर, "पदर खोचला आणि होडीत पाऊल" – कुकरची शिट्टी. चौथी.
"अगंबाई, डाळ!" पुस्तक माझ्या हातात कोंबून आई पळाली.
त्या अर्ध्या वाक्याकडे बघतच राहिले.
मूळ प्रतीवर लिहायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पेन्सिल घेतली. "पाऊल"नंतर रेघ मारली. शेजारी बारीक अक्षरात "मं." लिहिलं. आईचं नाव मंगला.
मॅडमना काय सांगू, काहीच सुचत नाहीये. चार दिवस उरलेत.
आई आतून ओरडतेय, "पुढे वाचू नकोस हं! आले मी."