दोन गायी, शंभर कोंबड्या

हॅनकॉक, मिशिगन
९ डिसेंबर

प्रिय आयलीताई,

तुझं पत्र मिळालं. नवं छप्पर बर्फ पेलतंय हे वाचून बरं वाटलं. दाजींचा गुडघा कसा आहे? मी ठीक आहे. सरोवर अजून गोठलेलं नाही. पहाटे त्यावरून वाफ चालत येते आणि माझ्या खिडकीशी थांबते.

नाताळला येणं जमणार नाही. कारखान्यात काम आहे.

हे खोटं आहे. खोडलं असतं, पण मला खाडाखोड आवडत नाही. हात मोडला तेव्हाचं हॉस्पिटलचं बिल थकलंय, म्हणून दर आठवड्याला चौथाई पगार कापतात. बसच्या तिकिटापुरतंही उरत नाही.

दिवाळखोरीचा अर्ज करणार आहे. ग्रंथालयात मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई येतात. म्हणाल्या, "मिळकत कमी आहे, तुम्ही पात्र आहात. फी तीनशे अडतीस डॉलर, हप्त्यांनी भरा." मग दिवाळखोराला राज्याचा जुना कायदा काय काय ठेवू देतो ते वाचून दाखवलं. पलंग, हत्यारं, चर्चमधला बाक, दोन गायी, शंभर कोंबड्या, सहा महिन्यांची वैरण.

"माझ्याकडे गायी नाहीत."

"मग त्या कोणी नेणारही नाही."

तेव्हापासून अर्धवट झोपेत त्या गायी येतात, ताई. शेगडीपाशी रवंथ करतात. कोंबड्या जिना चढतात. स्वयंपाकघरात चर्चचा बाक असतो आणि त्यावर निळा कोट घालून तू बसलेली असतेस. कोणी काही न्यायला येत नाही.

अर्जात एक प्रश्न होता: वर्षभरात कुणा नातेवाइकाचे पैसे फेडले का? मी नीट अक्षरात लिहिलं, बहीण, एकोणीसशे डॉलर, २० मार्च. त्या दिवशी मी शीळ घालत घरी आलो होतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी घरच्यांचे फेडलेत? इथे सगळे हेच करतात. कोर्टाचा माणूस ते बाकीच्या घेणेकऱ्यांत वाटायला बहिणीकडून परत मागेल."

"तिने त्यात छप्पर घातलं."

"तरी मागेल."

"नाव लिहिलंच नाही तर?"

"खोटी शपथ होईल, रेनो."

"आणि फेडल्याला वर्ष उलटून गेलं तर?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तर तिला कोणी विचारणार नाही. पण तोवर तुमचा पगार कापतच राहतील."

अर्ज चमच्यांच्या खणात आहे. सही एप्रिलमध्ये करीन. पैसे पाठवू नकोस, पाकीट न उघडता परत येईल. दाजींना सांग, कारखान्यात काम आहे.

माझी काळजी करू नकोस. वैरण सहा महिन्यांची आहे, एप्रिलपर्यंत सहज पुरेल.

तुझ्या छपराखाली यायला निघालेला,
रेनो