दहा चाळीसचा फोन

३ मार्च, सोमवार

आजपासून मी ज्येष्ठांच्या खुशाली केंद्रात. नोकरी नवी, गाव नवं, घर नवं, मग रोजनिशीही नवीच हवी म्हणून ही वही घेतली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. बघू किती टिकते.

केंद्र दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. एक लांबट खोली, रक्तदाब मोजायची खुर्ची, वजनकाटा, गरजूंना वापरायला द्यायच्या सहा काठ्या आणि खिडकीशी माझं टेबल. टेबलावर फोन आणि तक्ता. काम सोपं आहे. साठ म्हाताऱ्या माणसांना शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. झोप लागली का, गोळ्या घेतल्या का, काही हवंय का. बोलणं झालं की नावापुढे बरोबरची खूण. तीनदा करूनही फोन उचलला नाही, तर लाल गोल. लाल गोल दिसला की घरोघर फिरणारी आमची नर्स तडक त्या दारात. तिला सगळे धावती म्हणतात. आज तिला जिना उतरताना पाहिलं आणि नाव पटलं.

केंद्रप्रमुखांना मोठ्या बाई म्हणायचं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. खूण फोननंतर करायची, आधी नाही. खूण झाली की त्या दिवशी त्या दारात कुणी जात नाही.

मी दिवसभर इकडे, आई घरी एकटी, म्हणून त्यांनी आईचंही नाव यादीत घातलं. नंबर एकेचाळीस, वेळ दहा चाळीस. संध्याकाळी आईला सांगितलं तर म्हणाली, पोटच्या पोरीनं आईला फोन करायचा आणि त्याचा सरकारी तक्ता ठेवायचा, हे बरं आहे. मग मोबाईल उशाशी घेऊन झोपली. आतली खोली तिला दिलीय. तिथे ऊन येतं.

६ मार्च, गुरुवार

आता माणसं कळायला लागलीत. गणिताचे मास्तर झोपेला मार्क देतात. आज साठपैकी अडतीस, पास. एस.टी. सोडून वीस वर्षं झालेले ड्रायव्हरकाका "सुटली गाडी" म्हणून फोन ठेवतात. दोघी जावा एकाच घरात, एकाच फोनवर, आणि दोघींना एकमेकींची तक्रार माझ्या कानात एकाच वेळी सांगायची असते.

तेवीस नंबरवर शिंपीणबाई. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. ह्यांचा फोन म्हणजे मारुतीचं शेपूट. झोप लागली का विचारलं की सुरुवात एकोणसाठ सालापासून. आज पंचवीस मिनिटं झाली आणि मी अजून दुसऱ्या प्रश्नावर आले नव्हते. जिवंत, खुसखुशीत बाई आहे, पण बाकीचे सदतीस खोळंबतात.

आईचं उत्तर रोज एकच. झोप कसली लागते, गोळी कडू आहे, आणि हवंय काय तर आपलं जुनं घर. तिला या वयात मुळासकट उपटून आणलं, याची टोचणी मला आहेच. ती ते जाणून आहे आणि रोज दहा चाळीसला तिथेच बोट ठेवते. तरी तिची कुरकुर ऐकली की मला बरं वाटतं.

१२ मार्च, बुधवार

आज शिंपीणबाईंना फोन केला नाही. खूण करून टाकली. काल अर्धा तास बोलल्या होत्या, ठणठणीत होत्या. एका दिवसात काय होतंय?

साडेअकराला सगळं आटोपलं. मोठ्या बाई म्हणाल्या, हात बसला तुमचा.

१४ मार्च, शुक्रवार

काल आणि आजही तेवीस नंबरवर नुसती खूण. बरं वाटत नाही, पण सवय फार लवकर लागते. सोमवारी नक्की करीन आणि मनसोक्त बोलू देईन.

१७ मार्च, सोमवार

केला. पहिल्या रिंगला उचलला. मी माफीची तयारी ठेवली होती. झोप लागली का विचारलं. "ठीक आहे." गोळ्या? "ठीक आहे." काही हवंय का? "ठीक आहे." फोन बंद. अकरा सेकंद.

रागावल्या असणार. तीन दिवस विचारलं नाही म्हटल्यावर कुणीही रागावेल. आवाज बसल्यासारखा होता. त्यात राग मात्र नव्हता. खरं तर काहीच नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

लिहायचं म्हणून लिहिते.

आज धावतीची महिन्याची रक्तदाबाची फेरी होती. शिंपीणबाईंचं दार उघडेना. शेजाऱ्यांनी आतली कडी तोडली. त्या शिलाई मशीनपाशी जमिनीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, आठ-नऊ दिवस झाले असावेत.

धावतीने परत येऊन माझा तक्ता ओढला. तेवीस नंबरपुढे एकही दिवस रिकामा नाही. सगळ्या खुणाच खुणा. तिने विचारलं, तू बोललीस त्यांच्याशी? मी हो म्हटलं. सोमवारपासून आज सकाळपर्यंत पाच दिवस मी बोलले आहे, हे खरंच आहे. केंद्राच्या फोनमध्ये नोंद आहे. पाच फोन, प्रत्येकी अकरा सेकंद. धावतीने ती नोंद पाहिली आणि खुर्चीत बसली. तिला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, त्यांचा मोबाईल मशीनच्या खणात होता. बॅटरी संपून बंद पडलेला.

मोठ्या बाईंचं म्हणणं, फोन कंपनीचा घोळ असेल, दुसरीकडे लागत असेल.

बारा, तेरा आणि चौदा तारखेच्या खुणांबद्दल मी काही बोलले नाही. बाराला फोन केला असता तर लाल गोल पडला असता. धावती पळत गेली असती. कदाचित त्या पडल्या होत्या आणि अजून होत्या. कदाचित त्यांनी फोन वाजायची वाट पाहिली. हे लिहिताना रडू यायला हवं. येत नाही.

२५ मार्च, मंगळवार

मास्तर आज मार्क देईनात. तिन्ही प्रश्नांना "ठीक आहे." तोच आवाज.

खूण न करता लाल गोल केला. धावती गेली. मास्तर बाल्कनीत बसून पेपर वाचत होते, अगदी मजेत. उलट तेच म्हणाले, आज केंद्राचा फोन आला नाही, विसरलात काय?

फोन त्यांना गेलाच नव्हता. मग मी बोलले कुणाशी?

२६ मार्च, बुधवार

ड्रायव्हरकाका "ठीक आहे." दोघी जावा "ठीक आहे," एकच आवाज, भांडण नाही.

मी नऊ लाल गोल केले. धावती नऊ दारांत जाऊन आली. नऊही जण धडधाकट, आणि फोन कुणालाच आलेला नाही. ती दमली होती. मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं मन थाऱ्यावर नाही, शिंपीणबाईंचं मनाला लावून घेतलंत, एवढे गोल करू नका, खरी गरज असेल तिथे धावतीचे पाय पोचायचे नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. तीन खोट्या खुणा मी केल्या. तेव्हापासून खोटी उत्तरं येतायत. जीभ रेटली नाही.

दहा चाळीसला आईला फोन केला. गोळी कडू आहे म्हणाली. टेबलावर डोकं टेकून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

२८ मार्च, शुक्रवार

आता सगळे ठीक आहे म्हणतात. अठ्ठावन्न जण. अकरा सेकंद गुणिले अठ्ठावन्न. दहाच्या आत आईचा रकाना सोडून तक्ता भरतो. मोठ्या बाई खूश आहेत.

खरी एकच. एकेचाळीस नंबर. तेवढी कुरकुर ऐकायला मी नोकरीवर येते.

त्या अठ्ठावन्नातलं कोण पडलंय, कोण वाट पाहतंय, मला कळायचा मार्ग नाही. हे मला भयंकर वाटायला हवं. मी खूण करते आणि पुढचा नंबर फिरवते. हातपाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे चालतात.

३१ मार्च, सोमवार

सकाळी निघताना आईचं दार लोटलेलं होतं. तिला उठवलं नाही. झोपली असेल तर झोपू दे म्हटलं.

केंद्रात आल्या आल्या सवयीने वरपासून खालपर्यंत खुणा केल्या. सगळे ठीकच म्हणणार, मग आधी काय आणि नंतर काय. हात साठाव्या नावावर थांबला, तेव्हा लक्षात आलं, एकेचाळीसवरही खूण झाली आहे.

रबराने खोडली. कागद फाटला, पण खूण खालच्या पानावरही उमटलेली.

लगेच फोन लावला. दहा चाळीसची वाट पाहिली नाही.

आई, झोप लागली का?

"ठीक आहे."

३१ मार्च, दुपार

धावत घरी आले. दार लोटलेलंच आहे, सकाळी होतं तसं. चहाचं भांडं पालथं. नळ कोरडा. आई उठलेली नाही.

दाराला आतून कडी नाही. नुसतं ढकललं की उघडेल. मी समोर खुर्ची टाकून बसले आहे.

हाक मारली. उत्तर नाही.

इथूनच मोबाईल लावला. आत रिंग वाजली, मला दारातून ऐकू आली. उचलला. एकच आवाज दोनदा आला, एकदा कानात आणि एकदा दारापलीकडून. ठीक आहे.

१ एप्रिल, मंगळवार

उघडलं नाही.

उघडलं तर कळेल. नाही उघडलं तर अजून ती — आई झोपलेली असू शकते. रुसलेली असू शकते. रुसते ती. दोन-दोन दिवस रुसते.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, हे तिचंच वाक्य. माहीत आहे गं मला.

मी रजा कळवली. माझ्या जागी धावती फोन करतेय. दहा चाळीसला आत रिंग वाजली. उचलला. तीन वेळा ठीक आहे. म्हणजे तिकडे खूण झाली. म्हणजे आज इथे कुणी येणार नाही.

२ एप्रिल

दारापर्यंत गेले. हात लावला. लाकूड गार.

परत खुर्चीवर.

भूक नाही. रडू नाही. आई, रडू का येत नाही?

दहा चाळीस. रिंग. ठीक आहे ठीक आहे ठीक —

३ एप्रिल

ठरवलं. माझ्याच्याने उघडत नाही, तर दुसऱ्या कुणी उघडावं. धावतीला खरं सांगायचं. बारा, तेरा, चौदा, सगळं. एकेचाळीससुद्धा. आणि म्हणायचं, ये. आत्ता ये. कदाचित अजूनही —

वाजतोय. माझा फोन. केंद्राचा नंबर. तीच आहे, धावती, मी न सांगताच — तीन दिवस आली नाहीस, काळजी वाटली म्हणते — तुझंही नाव यादीत घातलंय म्हणते — बरी आहेस ना, येऊ का मी, विचारतेय —

हो म्हणते आहे मी. ये म्हणते आहे. माझा आवाज तिला जात नाहीये. थांब, ठेवू नकोस, ऐक, आतून कुणीतरी माझ्याऐवजी ठीक —